कंपनीचा ऑइल फिल्टर की बाहेरचा : तीन कापून बघितले

गेल्या डिसेंबरात खानापुरात थंडी चांगलीच पडली होती. सकाळी साडेसहाला गाडी चालू केली की पहिले दोन-तीन सेकंद इंजिनातून खडखड यायची, पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावेत तशी. मग आपोआप बंद. दिवसभर कितीही वेळा चालू करा, आवाज नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच.

गाडी 2017 ची पेट्रोल हॅचबॅक. रोज खानापूर-बेळगाव जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर, आणि महिन्यातून एकदा चोर्ला घाटातून गोव्यात साखळीला बहिणीकडे. इतक्या वर्षांत इंजिनाने कधी त्रास दिला नव्हता. घाटात कणकुंबीच्या पुढे गाडी बंद पडली तर काय होतं हे त्या रस्त्याने जाणाऱ्याला सांगायला नको, म्हणून तो आवाज माझ्या डोक्यातून जाईना.

तीन आठवड्यांपूर्वीच ऑइल बदललं होतं. त्याच गॅरेजात परत नेली. दुपारी नेली, तेव्हा आवाजच नाही. मोबाईलवर रेकॉर्ड केलेली खडखड ऐकवली. ती ऐकून म्हणाले, "टायमिंग चेन ढिली झालीय ओ. चेन, टेन्शनर, सगळा सेटच बदलायला लागतोय." (टायमिंग चेन म्हणजे इंजिनाच्या आतली साखळी, टेन्शनर तिला ताणून धरतो.) खर्चाचा आकडा ऐकून मी विचार करून सांगतो म्हटलं आणि निघालो.

घरी येऊन जुनं बिल काढलं. त्यावर स्पष्ट लिहिलेलं, "ऑइल फिल्टर, कंपनी". बॉनेट उघडून टॉर्च मारली तर फिल्टरवर ना गाडीच्या कंपनीचं नाव, ना पार्ट नंबर. निळा रंग आणि कधी न ऐकलेला छाप. फरक शे-दीडशे रुपयांचा असेल, पण बिलावर खोटं लिहिलं याचा मला फार राग आला. तो अजून गेलेला नाही.

माझ्या वर्गमित्राचं बेळगावात उद्यमबागेत लेथचं वर्कशॉप आहे. हायड्रॉलिकची कामं करतो, त्यामुळे तेल, दाब, व्हॉल्व्ह हे त्याचं रोजचं. त्याला आवाज ऐकवला तर पहिला प्रश्न त्याने विचारला, "फिल्टर बसतो कसा? उभा का आडवा?" आडवा, मी म्हणालो. "मग चेन राहू दे की. आधी फिल्टर बघ. रात्रभरात तो रिकामा होत असंल."

त्याने कागदावर चित्र काढून समजावलं. फिल्टरच्या तोंडाला कडेने बारीक भोकं असतात, त्यांतून ऑइल आत जातं. घडीच्या कागदातून गाळून मधल्या मोठ्या भोकातून बाहेर पडतं. बारीक भोकांवर आतून रबराची एक चकती बसवलेली असते. इंजिन बंद झालं की ती भोकं झाकते आणि आतलं ऑइल मागे ओघळू देत नाही. चकती नीट बसली नाही की रात्रभरात ऑइल खाली चेंबरमध्ये उतरतं. सकाळी पंपाला आधी रिकामा फिल्टर भरावा लागतो, तोवर वर दाब पोचत नाही. चेनचा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. दाब नसेल तेवढे दोन-तीन सेकंद चेन खडखडते. फिल्टर तोंड वर करून उभा बसत असेल तर हा प्रश्न फारसा येत नाही, आडवा किंवा उलटा असेल तर येतो. एवढं साधं कारण, आणि मला इंजिन उघडायला सांगितलं होतं.

आता नवा फिल्टर कुठला घ्यायचा? मित्र म्हणाला, "दोन्ही आण. कापून बघूया."

कंपनीचा फिल्टर घ्यायला बेळगावातल्या अधिकृत विक्रेत्याच्या स्पेअर काउंटरवर गेलो. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "पार्ट नंबर हेळ्री." (म्हणजे सांगा.) मी गाडीचं नाव सांगितलं तर मान हलवून आरसी मागितली. चेसिस नंबरवरून पार्ट नंबर काढला आणि तो मला चिठ्ठीवर लिहून दिला. हे मला फार आवडलं. एकाच नावाच्या गाडीत इंजिनं वेगवेगळी असतात आणि आटे जुळले म्हणून फिल्टर जुळला असं होत नाही. खोक्यावर जुनी किंमत होती, बिल त्याहून कमी झालं, कारण 22 सप्टेंबर 2025 पासून सुट्या भागांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला आहे.

बाहेरचा घेताना दुकानदाराला म्हटलं, स्वस्तातला नको, नावाजलेला द्या. बॉश, महले, पुरोलेटर अशी खोकी त्याने पुढे ठेवली. यातले काही स्वतःच गाडीच्या कंपन्यांनाही फिल्टर पुरवतात. म्हणजे "बाहेरचा" म्हणून आपण नाक मुरडतो तो कधीकधी त्याच कारखान्यातून आलेला असतो, फक्त खोकं वेगळं. (पुरोलेटरचं नाव इंग्रजीतल्या "प्युअर ऑइल लेटर" या शब्दांवरून पडलं. तो फिल्टर निघाला 1923 मध्ये. त्याआधीच्या गाड्यांत गाळणीची धड सोयच नव्हती, ऑइल सारखं बदलत राहायचं.) पार्ट नंबर जुळवून एक घेतला.

शनिवारी संध्याकाळी गाडीतला निळा फिल्टर काढला आणि तिन्ही एकेक करून लेथवर चढवले. हॅकसॉने कापू नये असं मित्राचं मत. लोखंडाचा चुरा कागदात जातो आणि मग इंजिनाची झीज कुठली आणि करवतीचा चुरा कुठला हे कळत नाही. त्याने तळाची दुमडलेली कडा तेवढी पार्टिंग टूलने, म्हणजे लेथवरच्या कापायच्या हत्याराने, हलक्या हाताने सोडवली.

निळ्या फिल्टरचा कागद आधी बाहेर काढला. घड्या एका बाजूला दाटलेल्या आणि दुसऱ्या बाजूला बोट जाईल एवढी फट. वरच्या-खालच्या टोप्या पुठ्ठ्याच्या, गोंद एका जागी थापलेला आणि एका जागी नाहीच. तिथून ऑइल कागदात न शिरता सरळ निघून जात असणार. कागदावरून लोहचुंबक फिरवला, त्याला काही चिकटलं नाही. तेव्हा माझा जीव खाली पडला. रबराची चकती तीन आठवड्यांतच कडक झाली होती, वाकवली तर कडेला बारीक भेग दिसली. मित्राने झाकण आणि चकती होती तशी जुळवून धरली आणि वरून डिझेल ओतलं. खालून थेंब थेंब गळायला लागलं.

कंपनीच्या आणि नावाजलेल्या फिल्टरमध्ये मला मोठा फरक सापडला नाही, हे मला प्रामाणिकपणे सांगायचं आहे. दोन्हींत घड्या एकसारख्या, टोप्या पत्र्याच्या, मधली जाळीची नळी भक्कम, चकती मऊ. डिझेल दोघांनीही धरून ठेवलं. बाहेरच्यात घड्या थोड्या जास्तच होत्या. चकतीचा रंग एकात काळा, एकात नारिंगी. नारिंगी म्हणजे सिलिकॉन आणि म्हणून भारी, असं दुकानात सांगतात. सिलिकॉन उष्णतेत जास्त दिवस मऊ राहतं हे खरं, पण रंग कुठल्याही रबराला देता येतो.

एक गोष्ट मात्र आम्हाला तपासता आली नाही. फिल्टर तुंबला किंवा थंडीत ऑइल घट्ट असलं तर उघडणारा एक बायपास व्हॉल्व्ह आत असतो. इंजिन कोरडं पडण्यापेक्षा न गाळलेलं ऑइल बरं, म्हणून ती सोय. तो किती दाबाला उघडायचा हे इंजिन बनवणारा ठरवतो. स्प्रिंग कमजोर असली तर तो लवकर उघडतो आणि घाण ऑइल फिरत राहतं. निळ्याची स्प्रिंग अंगठ्याने सहज दबत होती, बाकीच्या दोन्हींना जोर लावावा लागला. पण अंगठ्याने दाबून आकडा कळत नाही, आणि तिथे मी कंपनीच्या नंबरावर विश्वास ठेवायचं ठरवलं.

तेव्हा मी निवडला कंपनीचा. माझ्या गाडीत दोघांच्या किमतीत फरक ऐंशी रुपयांचा, तोही वर्षातून एकदा. मोठ्या डिझेल गाडीत हा फरक वाढतो, तिथे नावाजलेला बाहेरचा घ्यायला माझी अजिबात हरकत नाही. फक्त दोन्हींची नक्कल बाजारात भरपूर मिळते. कंपनीच्या नावाचा नकली डबा हा त्या निळ्यापेक्षा वाईट, कारण त्याच्यावर आपण डोळे मिटून विश्वास ठेवतो. म्हणून होलोग्राम, छापील किंमत, पार्ट नंबर बघून आणि पक्कं बिल घेऊनच.

माझ्या पुतण्याची गाडी नवी, वॉरंटीत आहे. बाहेर काही केलं की वॉरंटी गेली, असं त्याला शोरूममध्ये सांगितलं होतं. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट 2014 मध्ये सुट्या भागांच्या प्रकरणात 14 कार कंपन्यांना मिळून 2,544 कोटींचा दंड केला. बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही त्या आदेशात होतं. पुढे अपिलं झाली. चुकीच्या कामामुळे बिघाड झाला तर कंपनी नाकारू शकतेच. म्हणून त्याला सांगितलंय, वॉरंटी संपेपर्यंत कंपनीचाच टाक आणि बिलं जपून ठेव.

काउंटरवरून दुसरा फिल्टर आणला आणि रविवारी मित्राच्या ओळखीच्या मिस्त्रींकडे बसवला. मी शेजारी उभा राहिलो. जुन्याचं गॅस्केट, म्हणजे तोंडाची रबरी कडी, इंजिनाला चिकटून राहिलं नाही ना, हे त्यांनी आधी बोट फिरवून बघितलं. ते राहिलं आणि त्यावर नवं बसलं तर सगळं ऑइल रस्त्यावर. नव्या गॅस्केटला ऑइलचं बोट लावलं, फिल्टर हाताने फिरवला, गॅस्केट टेकल्यावर पाऊण फेरा. मी विचारलं, पाना नाही लावत? "पाना काढताना लावायचा ओ. बसवताना हातच."

सोमवारी सकाळी साडेसहाला चावी फिरवण्याआधी मी काच खाली केली आणि रेडिओ बंद केला. ऑइलचा लाल दिवा लागला, लगेच विझला. इंजिन चालू झालं, बाकी काही आवाज नाही. मंगळवारीही नाही. संक्रांतीला चोर्ल्याने साखळीला जाऊन आलो, घाटात धुकं होतं आणि गाडी शांत होती.