आमची वाटचाल : रंग भरपूर, पण लाकूड दिसलंच पाहिजे

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत वडील तंबोऱ्यांना चपड्याचं पॉलिश करत. स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा म्हणजे शुद्ध केलेली लाख, त्यात चिमूटभर रंग आणि कापसाचा बोळा. लाकडाची रेषा झाकली गेली तर ते काम पुन्हा करायला लावत. त्याच हाताखाली आम्ही भाऊ शिकलो आणि आज गिटार रंगवतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आमच्या गिटारच्या शेडमध्येही पेढे वाटले.

गिटार आमच्याकडे दुरुस्तीच्या निमित्ताने येऊ लागल्या. पुण्या-कोल्हापूरच्या वादकांना निळी, जांभळी, डाळिंबी गिटार हवी असे आणि मेपल लाकडातले मूळचे पट्टेही दिसायला हवे असत. पिगमेंट म्हणजे न विरघळणारा रंग, त्याचे कण लाकडावर बसून प्रकाश अडवतात. डाय मात्र पूर्ण विरघळतो आणि तंतूंत उतरतो. प्रकाश आत जाऊन परत फिरतो, म्हणून गिटार जराशी कलती केली तरी पट्टे सरकल्यासारखे दिसतात. हे उमगलं तेव्हापासून आम्ही पिगमेंटची कामं घेणं थांबवलं. काही गिऱ्हाइकं गेली, पण आमची ओळख त्यातूनच झाली.

मेपलवर आधी ओलं फडकं फिरवतो. तंतू उभे राहतात, ते वाळले की घासून काढतो. मग सगळीकडे काळा डाय! गिटारचा मालक समोर असेल तर त्याचा चेहरा उतरतो. वाळल्यावर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासलं की सपाट भागातला काळा निघतो आणि जिथे तंतू वळून टोकाने वर आलेत तिथे खोल मुरलेला राहतो. त्यावर हवा तो रंग चढवला की पट्ट्यांना खरी खोली येते. सगळ्यात जास्त वेळ या घासण्यालाच देतो, कारण सरसाचा पुसायचा राहिलेला एक थेंबही डायला आत शिरू देत नाही आणि वर लॅकर चढल्यावर तो डाग लपत नाही.

निळ्याची काळजी वेगळी. रंगावर चढवायचं पारदर्शक नायट्रोसेल्युलोज लॅकर जुनं होता होता पिवळं पडतं आणि निळी गिटार हिरवट दिसू लागते. म्हणून निळ्या-जांभळ्यावर पिवळं न पडणारं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन. लाल आणि मधाळ रंगांवर तोच पिवळेपणा शोभतो, तिथे नायट्रोच.

उन्हाचाही विचार करावा लागतो. गिब्सनच्या १९५८ ते १९६० मधल्या सनबर्स्ट (मधे पिवळसर, कडेला लालसर) लेस पॉल गिटारींपैकी अनेकींचा लाल रंग प्रकाशाने उडाला. संग्राहकांना आज त्या फिकट छटा प्रिय आहेत. आमच्या गिऱ्हाइकाला मात्र घेतलेला रंगच टिकायला हवा असतो. म्हणून महाग पडले तरी उन्हात सहज न उडणारे मेटल-कॉम्प्लेक्स डायच वापरतो.

पावसाळ्यात लॅकर मारत नाही. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतला ओलावा त्यावर धरतो आणि फिनिश दुधाळ होतं. ते महिने घासकाम आणि नमुन्यांचे. पैसा कमी येतो, पण वर्षाचा हिशेब तसाच बसवला आहे.

नमुना त्याच फळीच्या तुकड्यावर, शेवटच्या क्लिअर कोटसकट करून देतो. मोबाइलवरच्या फोटोवरून रंग ठरवत नाही. सध्या तंबोऱ्याच्या तून लाकडाच्या गिटारींवर काम चालू आहे. तून मुळात लालसर, त्यावर निळा मळकट दिसतो. त्यामुळे तूनवर फक्त लाल, केशरी आणि मधाळ रंगांच्या ऑर्डर घेतो.