लाल पेनाची रेघ

परवा एका मिक्स्ड-यूज बिल्डिंगच्या मीटिंगला बसलो होतो. खाली दुकानं, मधे ऑफिसं, वर फ्लॅट आणि सगळ्यांना मिळून एकच बेसमेंट. लीड सर्टिफिकेट, म्हणजे पर्यावरणपूरक बिल्डिंगचं प्रमाणपत्र पाहिजे, पण फक्त ऑफिसांना. आर्किटेक्टने सेक्शनवर, म्हणजे बिल्डिंगच्या उभ्या छेदाच्या ड्रॉइंगवर, ऑफिसच्या मजल्यांभोवती लाल पेनाने चौकोन काढला आणि म्हणाला, झाली बाउंड्री, एवढाच भाग सर्टिफिकेटसाठी मोजायचा.

मी म्हटलं एसीसाठी पाणी गार करणारा चिलर कुठेय? बेसमेंटला. तोच दुकानांनाही पाणी देतो ना? हो. कूलिंग टॉवर? फ्लॅटच्या गच्चीवर. मग सगळे जरा गप्पच झाले, कारण तो चौकोन कागदावर दिसतो तेवढा सरळ नाहीच, पाइप आणि डक्ट त्याच्या चारी बाजूंनी बाहेर पडलेत.

खरं तर लीडमधे बाउंड्री ही क्रेडिटच्याही, म्हणजे पॉइंट देणाऱ्या एकेका निकषाच्याही, आधीची अट आहे, आणि नियम तसा साधाय, बिल्डिंगच्या रोजच्या वापराला लागणारी सलग जमीन सगळी आत घ्यायची, म्हणजे पार्किंग, फुटपाथ, लँडस्केप, बांधकामात उकरलेली जागासुद्धा. पॉइंट वाढावेत म्हणून एखादा कोपरा वगळला तर चालत नाही. आणि एकदा ठरली की प्रत्येक क्रेडिटला तीच. पाण्याला एक आणि एनर्जीला दुसरी असं करून बघणारे भेटतात, रिव्ह्यूमधे एरियाचे आकडे जुळले नाहीत की लगेच प्रश्न येतो.

त्यात ४०-६० चा नियम. एखादी रेटिंग सिस्टिम, म्हणजे बिल्डिंगच्या प्रकाराप्रमाणे लीडची ठरलेली नियमावली, ६० टक्क्यांहून जास्त एरियाला लागू पडत असेल तर तीच घ्यायची, ४० च्या खाली असेल तर सोडून द्यायची, मधल्या पट्ट्यात मात्र टीमनेच ठरवायचं, आणि मिक्स्ड-यूजवाले नेमके तिथेच अडकतात. आमचंही तेच.

माझं मत विचाराल तर अख्खी बिल्डिंग घ्या. डेव्हलपर फक्त शेल, म्हणजे बाहेरचा सांगाडा बांधून देणार आणि आतलं काम भाडेकरू करणार असेल तर त्यासाठीची कोअर अँड शेल ही रेटिंग सिस्टिम बघा. ऑफिसवाल्याला स्वतःच्या मजल्यापुरतंच पाहिजे असेल तर इंटिरिअरचं सर्टिफिकेट आहेच की, त्याला २५० चौरस फूटही पुरतात. मजले मधूनच कापून ही वेगळी बिल्डिंग म्हणायचं तर ती खरंच वेगळी असावी लागते, निदान मीटर आणि हवेची यंत्रणा तरी.

मीटिंग संपली तेव्हा आर्किटेक्ट बेसमेंटच्या ड्रॉइंगवर चिलरच्या लाइनी मोजत बसला होता.