राजापूरची खासदारकी गेली कुठे?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. प्रश्न नेहमीचा आहे: समाजवादी नेते नाथ पै आणि मधु दंडवते ज्या राजापुरातून लोकसभेवर जायचे, तो मतदारसंघ आता यादीत का सापडत नाही? आणि आताचा रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघ म्हणजे जुना राजापूरच ना?

बराचसा तोच, पण पुरता नाही. राजापूर लोकसभा मतदारसंघ 1957 पासून 2004 च्या निवडणुकीपर्यंत होता. तेरा निवडणुका आणि खासदार अवघे चार. नाथ पै तीनदा, त्यांच्यानंतर 1971 पासून दंडवते सलग पाचदा, 1991 मध्ये काँग्रेसचे सुधीर सावंत, आणि 1996 पासून शिवसेनेचे सुरेश प्रभू चारदा. म्हणजे 1957 ते 1989 च्या निवडणुकांत इथे काँग्रेसचा खासदार एकदाही झाला नाही, अगदी 1984 च्या लाटेतसुद्धा. शेजारच्या रत्नागिरी मतदारसंघाचं तसं नव्हतं. तिथे 1957 साली जनसंघाचे प्रेमजीभाई आसर आले, मग काँग्रेस, मग जनता पक्ष, पुन्हा काँग्रेस, शेवटी शिवसेनेचे अनंत गीते. (दंडवते आणि प्रभू दोघेही रेल्वेमंत्री झाले, मात्र प्रभू झाले तेव्हा राजापूर मतदारसंघ उरला नव्हता आणि ते राज्यसभेवर गेले.)

2008 च्या मतदारसंघ पुनर्रचनेत राजापूरचं नाव गेलं. कोणीतरी मुद्दाम कोकणावर सूड उगवला, असं अजून पारावर ऐकू येतं. कागद-पेन्सिल घेतली तर कारण पाच मिनिटांत कळतं.

पुनर्रचना 2001 च्या जनगणनेवर झाली. राज्याची लोकसंख्या तेव्हा सुमारे 9 कोटी 69 लाख. विधानसभेच्या जागा 288 च ठेवायच्या होत्या, म्हणजे एका जागेला सरासरी 3 लाख 36 हजार माणसं. रत्नागिरी जिल्हा 16.97 लाख: भागाकार 5.04, जागा पाच. सिंधुदुर्ग 8.69 लाख: भागाकार 2.58, जागा तीन. आधी रत्नागिरीत सात आणि सिंधुदुर्गात चार होत्या. खेड, संगमेश्वर, देवगड, मालवण, वेंगुर्ला ही नावं विधानसभेच्या यादीतून गेली आणि कणकवली, कुडाळ ही आली. महाराष्ट्रात लोकसभेच्या एका जागेत विधानसभेच्या सहा बसतात. दोन्ही जिल्ह्यांच्या मिळून आठ. सहांचा एक रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघ झाला, उरल्या दोन. त्या दोन, दापोली आणि गुहागर, रायगडला जोडल्या.

मुळाशी आहे तो चाकरमानी. जनगणना माणूस राहतो तिथे मोजते, त्याचं घर आणि देव कुठे आहेत ते विचारत नाही. 2001 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात दर 1000 पुरुषांमागे 1136 स्त्रिया होत्या. बाकीचे पुरुष मुंबई-ठाण्यात मोजले गेले, आणि जागाही तिकडेच वाढल्या.

आता गफलत कुठे होते ते बघा. विधानसभेचा राजापूर अजून आहे, क्रमांक 267, लोकसभेचा नाही. मतदार ओळखपत्रावर विधानसभेचं नाव असतं, म्हणून ‘आम्ही राजापूरवाले’ हा समज टिकून राहतो. दुसरी गोष्ट, तालुका बघून खासदार ठरवू नका. चिपळूण तालुक्याची काही गावं चिपळूण विधानसभेत आहेत, काही गुहागरमध्ये. पहिल्यांचा खासदार रत्नागिरी-सिंधुदुर्गचा, दुसऱ्यांचा रायगडचा. तहसील कार्यालय मात्र एकच. शंका असेल तर ओळखपत्रावरचा विधानसभा मतदारसंघाचा क्रमांक पाहा: 265 ते 270 असेल तर रत्नागिरी-सिंधुदुर्ग, 263 किंवा 264 असेल तर रायगड.

तिसरी चूक पत्रकारही करतात. गीते यांच्या 2004 च्या मतांशेजारी रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या विनायक राऊत यांची 2014 ची मतं मांडून ‘रत्नागिरीत शिवसेना किती वाढली’ असं लिहितात. गीते यांच्या जागेचा उत्तरेकडचा भाग रायगडला गेला, ते स्वतःही 2009 मध्ये रायगडहूनच निवडून आले. तुलना करायचीच असेल तर निकालाचा फॉर्म 20 काढा. त्यात मतदान केंद्रनिहाय मतं असतात. गावं जुळवून बेरीज करा. काम कंटाळवाणं आहे, पण दुसरा मार्ग नाही.

नव्या जागेवर 2009 मध्ये निलेश राणे यांनी प्रभूंना हरवलं, 2014 आणि 2019 मध्ये राऊत आले, 2024 मध्ये नारायण राणे यांनी राऊत यांना 47,858 मतांनी हरवलं.

आणि पुढच्या पुनर्रचनेत काय, हेही विचारता. विधानसभेच्या जागा 288 च राहतील असं धरा आणि 2011 चे आकडे घाला: राज्य 11 कोटी 24 लाख, एका जागेला 3 लाख 90 हजार. रत्नागिरी 16.15 लाख, म्हणजे चार जागा. सिंधुदुर्ग 8.50 लाख, म्हणजे दोन. बेरीज बरोबर सहा, एका खासदारापुरती. मग दापोली-गुहागर रायगडहून परत येतील, पण दुसरा खासदार नाही.