कसर नव्हे ती

होळीच्या सुमारास घोंगड्या उन्हात घालून परत पेटीत ठेवायच्या, हा आमच्या घरचा शिरस्ता. यंदा त्यांपैकी एकीच्या घडीत तांदळाच्या दाण्याहून लहान, तपकिरी पट्ट्यांची आणि मागच्या टोकाला केसांचे झुपके असलेली एक अळी मला दिसली. आईने पाहताक्षणी निकाल दिला, "कसर होय थे, दुसरं काय!" कापडाला भोक पडले की गुन्हा कोणाचाही असो, आमच्याकडे शिक्षा कसरीलाच होते.

पण कसर चंदेरी असते आणि दिसते न दिसते तोच पळते. ही मात्र संथपणे उजेडापासून दूर सरकत घडीत शिरू पाहत होती. कापड खाणाऱ्या पतंगाची अळी पांढुरकी, ती रेशमाची नळी विणते. इथे तसले जाळे नव्हते. होत्या त्या पोकळ, केसाळ काती. आधी त्या सगळ्या जिवंतच वाटल्या आणि मी उगाच घाबरलो.

ही गालिचाच्या भुंगेऱ्याची अळी. गालिचा आमच्या सात पिढ्यांत कोणी अंथरला नाही, पण तिला लोकर, रेशीम, पिसे, केस, मेलेले किडे, म्हणजे प्राण्याच्या अंगचे काहीही चालते. म्हणूनच त्याच पेटीतल्या आईच्या आंधळगावच्या कोसा, म्हणजे रेशमी, साडीला बारीक भोके पडली होती आणि शेजारचे सुती लुगडे शाबूत होते. घामाचा किंवा अन्नाचा डाग असला तरच ती सुताला तोंड लावते. कापूस पिकवणाऱ्या गावात हा तिचा नखरा मला जरा खटकलाच. ती चावत नाही, पण तिच्या केसांनी काहींच्या अंगाला खाज सुटते.

तिचा भुंगेरा मात्र कापडाकडे ढुंकूनही पाहत नाही. तो दोन-तीन मिलिमीटरचा, गोलसर, ठिपक्याठिपक्यांचा असतो आणि परागकण खातो. अंगणातल्या फुलावर आलेल्या सांभारावर, म्हणजे कोथिंबिरीवर, तसले ठिपके मी कितीदा पाहिले असतील आणि कौतुकही केले असेल.

मग अळ्या आल्या कुठून? पेटीच्या बरोबर वर, कवेलूंखाली, चिमणीचे घरटे आहे. त्यातली पिसे आणि मेलेले किडे म्हणजे त्यांचे भरले कोठार. घोंगड्या झटकून पुन्हा कडक उन्हात टाकल्या, साडी धुतली, पेटीच्या फटी झाडून घेतल्या. घरटे काढायला शिडी लावली, तर आतून पिल्लांचा चिवचिवाट आला. शेवटी पेटीच दुसऱ्या खोलीत नेली.