ड्यू पॉइंट चढला तरी रिबॉयलरचा सेटपॉइंट वाढवू नका

अंकलेश्वर-गंधार पट्ट्यात नोकरी करणाऱ्या बडोदेकरांना वेगळं सांगायला नको, की मे महिन्यात ग्लायकॉल युनिटचा, म्हणजे नैसर्गिक वायूतलं पाणी ग्लायकॉल या द्रवाने शोषून काढणाऱ्या यंत्रणेचा, कस लागतो. दाब तोच राहून गॅस साधारण 12 अंशांनी तापला, की त्यातलं पाणी जवळजवळ दुप्पट होतं. ड्यू पॉइंट, म्हणजे गॅसमधलं पाणी ज्या तापमानाला द्रवरूप व्हायला लागतं तो आकडा, वर सरकतो आणि शिफ्टमधल्या कुणाचा तरी हात रिबॉयलरच्या (ग्लायकॉल तापवून त्यातलं पाणी उडवणाऱ्या टाकीच्या) सेटपॉइंटकडे जातो. तिथेच घोळ होतो.

ट्रायएथिलीन ग्लायकॉल उकळतं सुमारे 288 अंश सेल्सियसला, पण 206 च्या आसपास ते तुटायला लागतं. त्यामुळे कमाल 204. हा आकडाही टाकीतल्या द्रवाचा. फायर ट्यूबला (टाकीतल्या तापवणाऱ्या नळीला) लागून असलेला थर बराच जास्त तापलेला असतो. ट्यूबवर मीठ किंवा कोक बसला असेल तर थर्मामीटर 200 दाखवत राहतो आणि आत ग्लायकॉल करपत असतं. जळक्या साखरेचा वास आला, रंग काळपट झाला, तर आम्लं तयार झाली समजा. नमुन्यात तेवढंच डिस्टिल्ड वॉटर मिसळून पीएच बघा. 7 ते 8.5 ठीक. खाली गेला तर अमाइन (आम्ल मारणारं रसायन) थोडं थोडं घाला. असर दिसायला वेळ लागतो, आणि घाईत जास्त ओतलं की फेस.

वातावरणाच्या दाबाला 204 अंशांवर ग्लायकॉलची शुद्धता 98.7 टक्क्यांपर्यंतच मिळते. पुढे न्यायची तर उष्णता नाही, स्ट्रिपिंग गॅस (ग्लायकॉलमधून सोडला की उरलेलं पाणी ओढून नेणारा गॅस) हवा: एक घनमीटर ग्लायकॉलला 15 ते 75 घनमीटर. रिबॉयलरमध्ये नुसता सोडण्यापेक्षा रिबॉयलर आणि सर्ज टँकच्या (तयार ग्लायकॉलच्या साठवण टाकीच्या) मधल्या पॅक्ड कॉलममधून (आत भरण असलेल्या उभ्या नळकांड्यातून) दिला तर तेवढ्याच गॅसमध्ये 99.5 च्या वर जाता येतं.

पंप वाढवणं, म्हणजे ग्लायकॉल जास्त फिरवणं, हा दुसरा आवडता उपाय. एक किलो पाण्यामागे 25 लिटर लीन (पाणी काढलेलं) ग्लायकॉल साधारणपणे पुरतं. त्याच्या फार वर गेलात तर रिबॉयलर तापमान धरू शकत नाही आणि शुद्धताच घसरते. खरं तर उन्हाळ्यात आधी ग्लायकॉलचा कूलर बघावा. लीन ग्लायकॉल अ‍ॅब्सॉर्बरमध्ये (गॅस आणि ग्लायकॉल जिथे भेटतात त्या टॉवरमध्ये) गॅसपेक्षा 5 ते 10 अंशच गरम हवं. फार गरम असेल तर ते पाणी नीट धरत नाही आणि गॅसबरोबर उडतं. गॅसपेक्षा थंड असेल तर हायड्रोकार्बन द्रवरूप होऊन फेस करतात. फेस थांबत नसेल तर फ्लॅश टँकमधलं (ग्लायकॉलमधला गॅस आणि तेल वेगळं करणाऱ्या टाकीतलं) तेल वेळेवर काढलं जातंय का आणि कार्बन फिल्टर संपलाय का, हे पाहा.

पावसाळ्यात तक्रार उलटी. स्टिल कॉलमच्या (रिबॉयलरवरच्या, पाण्याची वाफ बाहेर नेणाऱ्या नळकांड्याच्या) माथ्याला तापमान 100 अंशांच्या आसपास हवं, स्ट्रिपिंग गॅस चालू असेल तर थोडं कमी. इन्सुलेशन फाटलेल्या कॉलमवर सर कोसळली की वाफ तिथेच निवते, पाणी परत रिबॉयलरमध्ये पडतं. रिफ्लक्स कॉइलचा (कॉलमचा माथा थंड करणाऱ्या वेटोळ्या नळीचा) बायपास उघडून तात्पुरतं भागतं. इन्सुलेशन मात्र जूनच्या आधीच दुरुस्त करून घ्यावं लागतं.