पेन नको, पेन्सिल न्या: मोंतेवेर्देतलं सेमिस्टर

कोस्टा रिकाची राजधानी सान होसे, तिथून डोंगरमाथ्यावरच्या मोंतेवेर्देला पोचायला चारेक तास लागतात. शेवटचा चढ चढताना आंबोलीच आठवली, तसाच ढग रस्त्यावर उतरलेला. पण हा जानेवारी होता, म्हणजे तिथला कोरडा ऋतू! कोरडं असतं ते खाली, पॅसिफिकच्या बाजूला. माथ्यावर अटलांटिककडचा वारा दिवसभर आडवं धुकं मारत असतो. अमेरिकेतल्या कॉलेजातून पर्यावरणाच्या फील्ड सेमिस्टरला आम्ही चौदा जण आलो होतो, त्यात मराठी मी एकटी.

पहिल्याच आठवड्यात फजिती. एका झाडावर किती ऑर्किडं वाढलीत ते मोजायचं होतं. सगळ्या नोंदी मी जेल पेनने केल्या. संध्याकाळी वही उघडली तर पानभर निळे ओघळ. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झाड, तीच मोजणी. तेव्हा पेन्सिल, पाण्यात टिकणारी वही आणि गमबूट एवढं आधी घ्या. कॅमेऱ्याचं नंतर बघा.

इथल्या जंगलाची गोष्ट गाईडकडून ऐकायला छान वाटते. सैन्यभरतीला विरोध करणारी अमेरिकेतली क्वेकर (युद्ध न मानणारा ख्रिस्ती पंथ) कुटुंबं 1951 साली इथे आली, त्यांनी दुधाचा धंदा उभा केला आणि पाणी टिकावं म्हणून वरचं रान राखलं. आपल्या देवराईसारखंच, फक्त देवाशिवाय. तरी इथला सोनेरी भेक गेलाच. 1989 नंतर तो कुणाला दिसलेला नाही.

मला जास्त शिकवलं ते मुलाखतींनी. 1996 च्या वनकायद्याने रान राखणाऱ्या जमीनमालकाला सरकार पैसे देतं, त्यातले बरेचसे इंधनावरच्या करातून येतात. माझा प्रकल्प यावरच होता. एका गवळ्याने कापडी गाळणीतून कॉफी ओतता ओतता सांगितलं, "त्या उतारावर गाय चढतच नाही. रान मी तसंही तोडलं नसतं." माझं अर्धं गृहीतक तिथेच गळून पडलं. ऐंशीच्या दशकात गोमांसाचा भाव पडला, कित्येक कुरणं ओस पडली आणि झाडं आपोआप परतली, हेही मला अशाच ओट्यांवर कळलं. माहितीपत्रकात सगळं श्रेय योजनेला असतं.

म्हणून स्पॅनिश शिकून जा. दुभाष्या घेतलात तर अशी वाक्यं हमखास गळतात. लहान-मोठ्या सगळ्यांना 'उस्तेद', म्हणजे 'तुम्ही', म्हणा. तिथे कुत्र्यालाही 'उस्तेद' म्हणणारे भेटतात.

शाकाहाऱ्यांनो, 'सिन कार्ने', म्हणजे 'मांसाशिवाय', एवढ्यावर थांबू नका. चिकन आणि हॅम पुष्कळदा 'कार्ने'त धरत नाहीत, त्यांचीही नावं घेऊन नको म्हणा. भात आणि काळ्या घेवड्याचा गायो पिंतो मात्र रोज सकाळी मिळतो. तिसऱ्या आठवड्यात कंटाळा येतो, मग लसणाची चटणी काढायची.

व्हिसाचं कुणाच्या तोंडी भरवशावर सोडू नका. "अमेरिकेचा व्हिसा आहे ना, मग झालं," असं मला कॉलेजच्या ऑफिसात सांगितलं होतं. त्यावर प्रवेश मिळणं वेगळं आणि चार महिने राहणं वेगळं. भारतीय पासपोर्ट असेल तर कोस्टा रिकाच्या वकिलातीला स्वतः मेल करा, उत्तर छापून जवळ ठेवा. निघण्याआधी आय-ट्वेंटीवर, म्हणजे अमेरिकेतलं कॉलेज परदेशी विद्यार्थ्याला देतं त्या कागदावर, कॉलेजकडून प्रवासाची सही घ्या आणि परतीच्या तारखेला अमेरिकेचा व्हिसा चालू असेल ना, तेही बघा. माझा संपायला परतीनंतर अकरा दिवस उरले होते, आणि हे मला विमानात बसल्यावर लक्षात आलं.