खडपाची वेळ

पुण्याहून समुद्राकडे निघणारा माणूस वार बघून निघतो. शनिवारी पहाटे पाचला चांदणी चौक, सातच्या आसपास ताम्हिणीत चहा, पुढे माणगाव, म्हसळा, आणि वाटेत फार रेंगाळलं नाही तर साडेदहा-अकराला श्रीवर्धन किंवा हरिहरेश्वरला पहिलं पाणी दिसतं. वाळूच्या किनाऱ्यावर हे वेळापत्रक खपून जातं. पुळण भरतीतही थोडीफार उरते, आणि घोडागाडी, भेळ, शहाळी यांना तिथीशी काही देणंघेणं नसतं. पण दोन पुळणींच्या मधे काळ्या, ओबडधोबड खडकांचं निर्मनुष्य खडप असतं. ते ओहोटीतच उघडं पडतं, तिथे वाराचा काही उपयोग नाही. तिथी बघून निघालो नाही, तर घाट उतरून एवढ्या लांब जायचं आणि लाटा दगडावर आपटताना बघून परत यायचं, एवढंच होतं.

तिथीवरून भरती काढायचा कोकणातला जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट. पाऊणकी पाठ असलेल्या पिढीला तो तोंडी येईल. चतुर्थीला पूर्ण भरती ३ वाजता, अष्टमीला ६, द्वादशीला ९ आणि पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. पक्ष शुद्ध असो वा वद्य, उत्तर तेच. दुसरी भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी, आणि दोन भरत्यांच्या बरोबर मधे, म्हणजे भरतीनंतर सव्वासहा तासांनी, ओहोटी. हा हिशोब अर्ध्या-पाऊण तासाने इकडेतिकडे होतो. भरती दक्षिणेकडून वर सरकत येते, त्यामुळे रत्नागिरीला ती मुंबईच्या आधी येते. म्हणून पाऊणपटीचा उपयोग घरी बसून दिवस ठरवण्यापुरता करावा; खडपावर उतरायची वेळ मात्र भारतीय सर्वेक्षण विभागाच्या तक्त्यावरून किंवा मोबाइलवरच्या भरती-ओहोटीच्या ॲपवरूनच घ्यावी.

पण खरी मेख पुढेच आहे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. पाणी खूप चढतं आणि तितकंच खूप उतरतंही. अष्टमीच्या सुमाराला भांग. तेव्हा पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. आता ही गोष्ट पाऊणपटीला जोडून बघा. उधाणाला भरती दुपारी बाराच्या आसपास, म्हणजे ओहोटी पहाटे साडेपाच-सहाला आणि पुन्हा संध्याकाळी. दुपारी बाराला ओहोटी सापडते ती अष्टमीला, आणि ती असते भांगाची, कामचुकार. याचा अर्थ असा, की पुण्याहून सकाळी निघून दुपारी पोचणाऱ्याला एकतर तुडुंब समुद्र भेटतो, नाहीतर अर्धवट उतरलेला. यात नशिबाचा भाग नाही. या किनाऱ्याचं घड्याळच तसं लागलेलं आहे. उधाणाच्या दिवसांत खडप सकाळी ९ ते दुपारी ३ बंद असतं असं समजावं. पुण्यातल्या दुकानांची सवय असलेल्यांना त्याचं आश्चर्य वाटायला नको.

मार्ग एकच, मुक्काम करायचा. उधाणाचा खरा जोर पौर्णिमेच्या दिवशी नसतो, तो एक-दोन दिवस मागून येतो. त्यामुळे द्वितीया ते चतुर्थी हे दिवस सोन्यासारखे. पाणी चांगलं लांब जातं आणि ओहोटी सकाळी पावणेआठ ते सव्वानऊच्या दरम्यान पडते. आदल्या रात्री पोचून झोपावं आणि सकाळी उतरावं. ज्यांना त्याच दिवशी पोचून बघायचंच आहे, त्यांच्यासाठी त्रयोदशी-चतुर्दशी. ओहोटी दुपारी चार-पावणेपाचला. तीही वाईट नाही, पण पाणी परतायला लागतं तेव्हा सूर्य कलायला लागलेला असतो, म्हणून माघार थोडी लवकर घ्यावी लागते.

शनिवारांचंही एक गणित बसतं. हा शनिवार चतुर्थीचा असेल तर पुढचा एकादशीच्या आसपासचा, म्हणजे भांगाची मरगळ नुकती सरत असलेला. त्याच्या पुढचा पुन्हा तृतीया-चतुर्थीचा, कारण १५ तिथ्या १४ दिवसांपेक्षा किंचित जास्त वेळ घेतात. एकाआड एक शनिवार बरे लागत जातात, आणि तिथी हळूहळू मागे घसरत चार-पाच महिन्यांनी पाळी उलटते. कार्यालयातून रजा मिळवण्यापेक्षा हे सोपं आहे.

तक्त्यात वेळेबरोबर पाण्याची उंची मीटरमध्ये दिलेली असते. अलिबाग ते श्रीवर्धन पट्ट्यासाठी मुंबईचे आकडे धरले, तर ओहोटी ०.५ मीटरच्या खाली असेल तेव्हा पर्वणी, १ मीटरपर्यंत उत्तम, आणि १.५ च्या वर असेल तर सरळ पुळणीवर जाऊन शहाळं प्यावं. एका दिवसातल्या दोन ओहोट्याही सारख्या नसतात, तेव्हा दोन्ही आकडे बघावेत. दक्षिणेकडे जाल तसा चढउताराचा पल्ला कमी होत जातो, म्हणून तळकोकणात हेच आकडे वापरू नयेत.

हरिहरेश्वरचा प्रदक्षिणेचा मार्ग सगळ्यांना माहीत असतो. देवळामागच्या टेकडीवरून कातळाच्या चिंचोळ्या फटीतून पायऱ्या खाली उतरतात आणि मग वाट थेट समुद्रालगतच्या खडकावरून जाते. सुटीच्या दिवशी तिथे एकांत नसतो, पण दगड पाहावा तर तिथलाच. दिवेआगर ते श्रीवर्धन रस्ता आरावी, शेखाडी, कोंडिविलीवरून किनाऱ्याला धरून जातो. त्यावर उतरायला सोपी आणि बऱ्यापैकी निवांत खडपं आहेत. याहून एकांताच्या जागा आहेत, पण त्या नकाशावर खूण करून वाटण्यासारख्या नाहीत. ज्यांना हव्यात त्यांनी गावात विचारावं.

हा दगड पुणेकराच्या ओळखीचाच आहे. वेताळ टेकडी ज्याची, पाताळेश्वर ज्यात कोरलं, तोच हा बेसॉल्ट, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. पुण्यात त्याला ऊन-पाऊस एवढाच त्रास. इथे त्याच्या बारीक छिद्रांत खारं पाणी शिरतं, उन्हाने वाळतं, मिठाचे स्फटिक वाढतात आणि आतून दगडाचे कण सुटे करतात. एकदा खळगा पडला की त्याच्या सावलीत ओल टिकते, तिथेच जास्त मीठ साचतं, आणि खळगा आणखी खोल जातो. हरिहरेश्वरच्या भिंतीवर जी जाळी दिसते ती या मिठाची कारागिरी. लाटांचं काम म्हणजे सुटलेली भुकटी धुऊन नेणं. जाळीवर हात टेकून चढू नये, कडा ठिसूळ असतात.

चालताना रंग वाचायचा. कोरडा करडा दगड सुरक्षित. पांढरट, खरबरीत दिसतो तो बार्नॅकल या दगडाला चिकटून राहणाऱ्या कवचधारी जिवांनी भरलेला. त्यावर पाय घसरत नाही, पण पडलात तर कातडं सोलून निघतं. हिरवं शेवाळ निसरडं हे सगळ्यांना कळतं. फसवतो तो ओला, काळा, गुळगुळीत दगड. त्यावर नुसत्या डोळ्याला न दिसणारा शेवाळाचा थर असतो आणि बहुतेक जण तिथेच आपटतात. चपला नकोत, रबरी स्लीपर तर नकोतच. मागे पट्टा असलेले पावसाळी सँडल किंवा जुने कॅनव्हासचे बूट बरे. अनवाणी मुळीच नाही, कारण दगडाला चिकटलेल्या कालवांच्या शिंपल्यांच्या कडा ब्लेडइतक्या धारदार असतात. कापलंच तर गोड्या पाण्याने भरपूर धुवावं, शिंपल्याची कपची आत राहिली नाही ना हे बघावं. समुद्रातल्या जखमा चिघळतात, तेव्हा धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय की नाही हे घरून निघतानाच आठवावं. माणशी दोन लिटर पाणी आणि टोपी; सावली नावाला नसते आणि काळा दगड दहानंतर तापायला लागतो.

आता उतरताना थांबत थांबत उतरावं, कारण खडपावर प्रत्येकाची पायरी ठरलेली आहे. सर्वात वर, जिथे पाण्याचे फक्त तुषार येतात, तिथे मुगाएवढ्या गोगलगाई फटींमध्ये दाटीवाटीने बसलेल्या असतात. त्याखाली बार्नॅकल. हा दिसतो शिंपल्यासारखा, पण नातं खेकड्या-कोळंबीशी. डोकं दगडाला कायमचं चिकटवून, पाय वर करून, पाण्यातलं अन्न पायांनी ओढतो. मग कालवं, मग शेवाळाचा पट्टा आणि अगदी खाली, उधाणाच्या ओहोटीतच उघडी पडणारी झोअँथिड जीवांची मऊ, गुबगुबीत सतरंजी. वर कोण राहणार हे ऊन सोसण्याची ताकद ठरवते. खाली किती सरकता येणार हे बरेचदा शेजारी आणि शिकारी ठरवतात. त्या सतरंजीवर पाय देऊ नये आणि हातही लावू नये. त्यातल्या काही जातींमध्ये जहाल विष असतं, आणि तोच हात डोळ्याला लागतो.

डबक्यांशी घाई केली की काही दिसत नाही. पाण्यावर आपली सावली पडणार नाही असं बसावं आणि पाच मिनिटं हलू नये. आधी एक शंख चालायला लागतो, म्हणजे आत खेकडा भाड्याने राहतोय. मग पारदर्शक कोळंबी, दगडाच्या रंगाचा बारका मासा, आणि फूल समजून दुर्लक्ष केलेलं समुद्रफूल हळूच एक बाहू आखडतं. दगड उलटून बघितला तर होता तसा, होता त्याच बाजूने ठेवावा. खालचे जीव उन्हात तासाभरात मरतात, आणि वरचं शेवाळ खाली गेलं की तेही मरतं. शंकूच्या आकाराचा सुंदर, नक्षीदार शंख जिवंत असेल तर उचलू नये, कोन गोगलगाईचा दंश विषारी असतो. रिकामे शंखसुद्धा तिथेच सोडलेले बरे; पुढच्या खेकड्याला घर लागतं.

ओहोटीच्या आधी दीड-दोन तास उतरावं, उतरत्या पाण्याच्या मागोमाग खाली जावं, आणि पाणी वळल्यावर अर्ध्या तासात माघारी निघावं. पाणी सारख्या वेगाने चढत नाही, म्हणून हे महत्त्वाचं. चार मीटरचा चढ असेल, तर पहिल्या तासात जेमतेम ३३ सेंटिमीटर, दुसऱ्यात ६५-७०, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात प्रत्येकी पूर्ण १ मीटर. पहिला तास बघून माणूस निर्धास्त होतो. शिवाय खडपावर पाणी समोरून येत नाही, आधी मागच्या घळी भरतात. आपण उंच दगडावर कोरडे आणि किनाऱ्याशी मधला घोटाभर ओढा कमरेएवढा झालेला, असं घडतं. येताना ओलांडलेली प्रत्येक घळ लक्षात ठेवावी.

लाटांचंही तसंच. मोठ्या लाटा थव्याने येतात, मधे बराच वेळ शांतता असते. पाण्याच्या कडेला जायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं नुसतं बघत बसावं. जिथवर दगड ओला आहे तिथवर लाट येऊन गेलेली आहे. समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नये. जून ते सप्टेंबर तर खडपाचं नावही नको, आणि एप्रिल-मेमध्ये आभाळ निरभ्र असूनही दूरच्या वादळांच्या लाटा येऊन धडकतात. हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या संस्थेचा उंच लाटांचा इशारा आदल्या दिवशी बघून ठेवावा.

यातलं काहीच जमलं नाही, तर कालवं काढायला आलेल्या बायकांकडे लक्ष ठेवावं. “मावशी, पाणी कधी लागंल?” एवढं विचारलं तरी पुरतं. त्या टोपली उचलून चालायला लागल्या की आपणही उठायचं, मग मोबाइलमधलं ॲप काहीही म्हणो.

आणि खडपावर जायच्या आधी जेवणाचं सांगून ठेवावं. त्या बाजूच्या घरगुती खानावळींत माणसं मोजून भात लावतात. वर येऊन एक वाजता विचारलं तर मासळी संपलेली असते. सांगून गेलात तर साडेबाराला पान वाढलेलं मिळतं, दोनला निघता येतं आणि ताम्हिणी उजेडात पार होतो.